त्या सोमवारी मी जागेवर न्हवतो

मी एक जुनं तरट हाय. तुमी गोणपाट म्हणत असाल, म्हणा, माझी ना न्हाय. मित्रांनो, लोक माझ्यावर पाय पुसतात आणि पुढं जातात. खाली बगून कुणी इचारत न्हाय, की बाबा, तू कुटला, तुझं कसं चाललंय. आज तुमी जरा थांबा. एक गोष्ट मला सांगायचीच हाय. ज्या दिवशी सांगायला पायजे व्हती, त्या दिवशी मला तोंड न्हवतं.

माझा ताग कुटं पिकला, कुणी विणला, मला ठाऊक न्हाय. मला आठवतं ते दुधनीच्या बाजारापासनं. तितं माझ्यात करडई भरली, दाभणानं तोंड शिवलं आणि आगगाडीनं सोलापूरला आणलं. तवा गोऱ्या सायबाचं राज्य व्हतं आणि गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचं. भरलेलं पोट घेऊन मी ताठ उभा ऱ्हायचो. हमालानं पाठीवर घेतलं की त्याच्या मानेला खाज सुटायची, मग तो मला शिव्या घालायचा. मला बरं वाटायचं. शिव्या घालायला का हुईना, कुणीतरी बोलायचं.

चार-पाच वर्सं अशी गेली. मग उंदरानं माझी कूस फोडली आणि माल भरायचं काम संपलं.

नवी पेठेत सिद्रामप्पाचं तेलाचं दुकान व्हतं. म्होरं तेलाचे डबे, मागं जोंधळ्याची पोती. त्याची बायको नागव्वा. तिनं मला उसवलं, चार घड्या घातल्या, कडेनं सुतळीचा टाका मारला आणि दारातनं आत आल्या आल्या जी शहाबादी फरशी लागती, तिच्यावर अंथरलं. वर उभी ऱ्हाऊन मला पायानं सपाट केलं. तवापासनं ती जागा माझी.

तेलाचं दुकान म्हंजे माप भरताना चार थेंब सांडायचेच. फरशीला तेल लागलं की ती काचेवानी गुळगुळीत. ते थेंब मी प्यायचो. माझ्यावर पाय पडला की माणूस घट्ट उभा ऱ्हायचा. एवढंच माझं काम, पर मी ते झोकात केलं. माणसं मला पायावरनं कळायची. गिरणीवाल्याच्या पायाला कापसाची तूस, टांगेवाल्याच्या पायाला लीद.

आणि गोजरबाई. ती दोन डाव पाय पुसायची, एक डाव घाणीसाठी आणि एक डाव सवयीनं. ती मागच्या गल्लीत ऱ्हायची. नवरा वारलेला. घरात म्हातारी सासू, मथुराबाई, डोळ्यांनी अधू. गोजरबाई मागवाल्यांसाठी, म्हंजे हातमाग चालवणाऱ्यांसाठी, सुताच्या कांड्या भरून द्यायची. एका हातानं रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांतनं सूत सोडायचं. दोन्ही हात चालले तर दोघींची चूल पेटायची.

"सिद्रामप्पा," ती म्हणायची, "तुमच्या गिऱ्हाइकापरीस हे तरटच जास्त तेल नेतंय की."

"मग त्यालाच इचारा, तेल चोख हाय का," सिद्रामप्पा म्हणायचा.

आतनं नागव्वा हसायची. "गोजराक्का, आत या. पान लावलंय." मग दोघी तास-तास बसायच्या. एकीची कानडी, एकीची मराठी, पर गप्पांना कुटं अडलं न्हाय. मी खाली पडून ऐकायचो. माझे ते बरे दिवस.

मग श्रावणातला तो सोमवार आला. मठाचे स्वामी पेठेत येणार, सिद्रामप्पाच्या दुकानाला पाय लावणार, असं ठरलं. घरात ती दोघं कानडी बोलायची, मी आपलं तुमाला मराठीत सांगतो.

"हे तरट उचल," सिद्रामप्पा म्हणाला. "साऱ्या पेठेनं पाय पुसलेत त्याला. त्याच्यावर स्वामींचा पाय पडायचा न्हाय."

"अवो, फरशी निसरडी हाय," नागव्वा म्हणाली.

"मग पाणी मार की."

तेलावर पाणी. त्यानं फरशी अजूनच घसरती. पर मला रिकाम्या डब्यांच्या मागं टाकलं. नागव्वानं फरशी धुतली, कडेनं रांगोळी काढली.

स्वामी आले. थकलेलं, म्हातारं माणूस. त्यांनी आत पाय ठेवला आणि पाय जरा सरकला. त्यांनी पटकन सिद्रामप्पाचा खांदा धरला, सावरले, हसले. पूजा झाली, निघून गेले. सिद्रामप्पाच्या डोळ्यांत पाणी.

"बगितलंस? स्वामींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला."

मी डब्यांच्या फटीतनं सारं बगत व्हतो, मित्रांनो. म्हातारं माणूस पडत व्हतं, हाताला आलं ते धरलं. पर सिद्रामप्पाला त्यात आशीर्वाद दिसला. दुपारपत्तुर साऱ्या पेठेला त्यानं हे सांगितलं. लोक रस्त्यातच त्याच्या खांद्याला हात लावून कपाळाला लावायला लागले.

"आता तरट घालू का?" नागव्वानं इचारलं.

"दिवस मावळंपत्तुर न्हाय. स्वामींचा पाय लागलाय तितं. त्याच्यावर पायपुसणं टाकतीस व्हय?"

तिसऱ्या प्रहराला गोजरबाई तेलाची लोटी घेऊन आली. खाली बगितलंच न्हाय तिनं. कशाला बगंल? इतकी वर्सं मी तितंच व्हतो की. पाय पुसायला तिनं सवयीनं पाय टाकला, आणि मी न्हवतो. ती उजव्या हातावर पडली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

सिद्रामप्पा धावला. खोटं कशाला बोलू, त्यानंच तिला उचललं, त्यानंच टांगा बोलावला, हळद बांधून नागव्वासंगं हाडवैद्याकडं धाडलं. टांगा वळला. दुकानात कुणी ऱ्हायलं न्हाय. सिद्रामप्पा फरशीकडं बगत उभा ऱ्हायला. मग त्यानं मला डब्यामागनं ओढलं आणि रांगोळीवरच अंथरलं. वाईट माणूस न्हवता तो. पर फरशी निसरडी व्हती असं म्हणलं, तर स्वामींनी खांद्यावर हात ठेवला त्याचं काय ऱ्हातं? रांगोळी माझ्या तेलकट पोटाला चिकटली. खरं काय ते माझ्या पोटावर लिवलं गेलं आणि पोट व्हतं खाली.

महिन्यानं पट्टी सुटली. हाड वाकडं बसलेलं, बोटं मिटंनात. रहाट बंद, कांड्या बंद. त्या महिन्यात मला कुणी हलवायचं न्हाय, असा सिद्रामप्पाचा हुकूम व्हता. गोजरबाई दुकानात आली, पर आत पान खायला गेली न्हाय.

"सिद्रामप्पा, हात चालंपत्तुर महिन्याला दोन पायल्या जोंधळा द्या. तुमच्या दुकानात पडले मी."

"तुमी गडबडीत आलात, गोजरबाई."

"तितं तरट न्हवतं."

"तरट कायम तितंच असतं," तो म्हणाला आणि तिच्याकडं न बगता माप पुसत बसला.

ती सात रस्ता चौकातल्या एका वकिलाकडं गेली. साक्षीदार कोण, असं त्यानं इचारलं. ती म्हणाली, तरटच हाय साक्षीला. वकील हसला आणि त्यानं दुसऱ्या पक्षकाराला हाक मारली. मग पेठेतले पंच तिनं गोळा केले. थोरले पंच गुरुलिंगअप्पा. शांत माणूस, शब्दाला वजन. ते दुकानात आले, चपला काढून माझ्यावर उभे ऱ्हायले, पाय घासून बगितला.

"हितनं कोण घसरंल?"

"त्या दिवशी हे न्हवतं, रांगोळी व्हती तितं, अप्पा," गोजरबाई म्हणाली. "उलटं करून बगा. काय सापडतंय ते बगा."

गुरुलिंगअप्पांनी काठीचं टोक माझ्या कडेखाली घातलं. मित्रांनो, माझा धागान् धागा ताणला गेला. दोन बोटं वर उचललं त्यांनी मला. अजून थोडं, म्हणलं मी, अजून एवढं थोडं.

"अप्पा, पायपुसणं हाय ते," सिद्रामप्पा म्हणाला. "देवाच्या पालखीम्होरं धरायची काठी तुमची. कशाला घाण करता?"

गुरुलिंगअप्पांनी काठी काढून घेतली. मी परत खाली पडलो.

"घरातल्या बाईला इचारा मग," गोजरबाई म्हणाली. "नागव्वा, तू सांग. तू सांगशील ते मला कबूल."

नागव्वा दाराच्या चौकटीत उभी व्हती. सिद्रामप्पा हळूच कानडीत म्हणाला, "सुम्मनिरू." म्हंजे, गप ऱ्हा.

नागव्वानं गोजरबाईकडं बगितलं, मग माझ्याकडं. "तरट हितंच असतं," ती म्हणाली.

पंचांनी निकाल दिला. दुकानदाराची चूक न्हाय. तरी बाई अडचणीत हाय, माणुसकी म्हणून सिद्रामप्पानं एक पायली जोंधळा द्यावा. सिद्रामप्पानं दोन मापल्या.

"माणुसकी म्हणून नको," गोजरबाई म्हणाली. "चूक झाली म्हणून द्या. एक मूठ दिली तरी घेते."

सिद्रामप्पानं जोंधळा परत पोत्यात ओतला. ती तशीच गेली. घरी मथुराबाई तिला म्हणाली म्हणं, घ्यायचं व्हतं की गं, पोटाला काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी नागव्वानं मला मागच्या भिंतीवर आपटून-आपटून झाडलं. पांढरी भुकटी उडाली, तिच्या केसांत बसली. ती तशीच दुकानात गेली. नवऱ्यानं बगितलं आणि तो माप भरायला लागला. झालं, पुरावा संपला. ऱ्हायला तो नागव्वाचा शब्द.

त्यानंतर सिद्रामप्पा मला ओलांडून जायला लागला. पाय म्हणून ठेवायचा न्हाय. मार्गशीर्षात त्यानं नवं तरट आणलं आणि मला टाकून द्यायला सांगितलं. नागव्वानं टाकलं न्हाय. माझ्यात जोंधळा बांधला, गठुळं डोक्यावर घेतलं आणि भर दुपारी गोजरबाईच्या घरी गेली.

घरात रहाट भिंतीला उलटा टेकलेला. मथुराबाई उघड्या जमिनीवर अंगाचं मुटकुळं करून पडलेली. गोजरबाई डाव्या हातानं मागवाल्याच्या घरची झाडलोट करून नुकतीच आली व्हती.

"गोजराक्का," नागव्वा म्हणाली, "मी खोटं बोलले."

"ठाऊक हाय."

"तरट मीच उचललं व्हतं. रांगोळी बी मीच काढली."

"पंचांपुढं सांगशील?"

नागव्वानं गठुळं म्होरं सरकवलं. मथुराबाई खोकली.

"मग मला एकटीला कशाला सांगायला आलीस?" गोजरबाई म्हणाली. आवाज चढला न्हाय तिचा. "मला तर ठाऊकच हाय की."

तिनं डाव्या हातानं गाठ सोडली. जोंधळा नागव्वाच्या पदरात ओतला, एक दाणा ठेवला न्हाय. मला मात्र हातात धरून ठेवलं.

"हे ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "म्हातारीला जमीन लई गार लागती."

तर मित्रांनो, गोजरबाईला तिच्या हाताची भरपाई मिळाली ती एवढीच. एक उसवलेलं तरट. मथुराबाई माघात गेली, माझ्यावरच गेली. नागव्वा मातीला आली व्हती, पर लांब उभी ऱ्हायली, आणि गोजरबाईनं तिला जवळ बोलावलं न्हाय. आता मी गोजरबाईच्या दारात असतो. ती घरात येताना आधी खाली बगती आणि मगच पाय ठेवती. मला त्याचं वाईट वाटतं, पर तिचं काय चुकतंय?

मला फाटायला आता फार दिवस न्हाईत. जाताना तुमाला एक मागणं हाय. तुमच्या दारात तेल-पाणी सांडलं तर उठून पुसा, दुसरा कुणी पुसंल म्हणू नका. आणि तरी कुणी पडलंच, तर ते माणूस उठून उभं ऱ्हायच्या आत म्हणा, माझं चुकलं. चार माणसं हायेत तवाच म्हणा. तेवढ्यानं मोडलेलं हाड सरळ व्हत न्हाय. पर आपण खरंच पडलो, हे सांगत त्या माणसाला दारोदार हिंडावं लागत न्हाय.