वाढ नाही

एका डॉक्टरांचा जेवणाचा डबा. कोणाचे तरी ओले मोजे. पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास. वजनकाट्यावर चढताना श्वास रोखून धरणारी मुलगी.

मी एक जुना इन्क्युबेटर आहे, मित्रांनो. प्रयोगशाळेतलं ऊब देणारं कपाट. आजारी माणसाच्या घशातला नमुना ताटलीत पसरून माझ्या पोटात ठेवतात. उबेने लपलेले जंतू वाढतात, डोळ्यांना दिसू लागतात, मग डॉक्टरांना औषध ठरवता येतं. मी नवा होतो तेव्हा माझं दार उघडण्याआधी लोक हात धुवायचे. आता गारठा पडला की माझ्यात डबे गरम होतात, ओले मोजे वाळतात. जंतूंच्या शेजारी. शिकलेली माणसं आहेत ही.

ठकू नावाच्या मुलीची ताटली वरच्या फळीवर होती. ठकूला सिस्टिक फायब्रोसिस आहे. या आजारात फुप्फुसातला कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि जंतू त्यात घर करतात. ते नुकते आलेले असतानाच सापडले तर औषधाने हुसकावता येतात. एकदा मुरले की जाता जात नाहीत. पण कधी कधी ते फार सावकाश वाढतात, म्हणून अशा मुलांच्या ताटल्या जास्त दिवस ठेवायच्या असतात. वरच्या मजल्यावर तिला तपासणाऱ्या डॉक्टरांकडून निरोप आला तो मात्र नुसत्या खोकल्याचा, आजाराचं नाव त्यात नव्हतं.

प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी ताटलीकडे लांबूनच नजर टाकली. काही नाही त्यात, जागा करा, असं त्यांनी तिथे काम करणाऱ्या ताईंना सांगितलं. ताईंनी ताटली टाकली. त्या जागी सरांचा डबा आला.

रिपोर्ट न्यायला ठकूची आई आली. 'वाढ नाही' हे शब्द वाचून ती भडकलीच.

"वाढ नाही हे मला ठाऊक आहे. काट्यावर चढताना पोरगी श्वास रोखून धरते, तेवढंच वजन भरेल म्हणून. तुम्ही खोकल्याचं सांगा."

ताईंना हसू आलं. "अहो, मुलीची नाही, जंतूंची वाढ नाही. चांगलंच आहे की."

"मग तिला जिना का चढवत नाही?"

मुलीला आधीपासून काही आहे का, ताईंनी विचारलं. आईने आजाराचं नाव सांगितलं. ताईंचं हसू मावळलं. त्या धावत सरांकडे गेल्या, नमुना पुन्हा मागवू म्हणाल्या. सरांनी हातातला घास आधी संपवला. रिपोर्ट स्वच्छ आहे, पुढच्या तपासणीला बघू, त्या बाईंना उगाच घाबरवू नका, असं म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले. ताईंनी आईला तोच रिपोर्ट देऊन घरी पाठवलं. मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब ठोकली असती. मला फक्त एक लाल दिवा आहे.

पुढची तपासणी ऋतू पालटल्यावर झाली. या वेळी ताटली हवी तितकी राहिली. दार उघडताच तो गोड वास आला. ताटलीभर जंतूंचा हिरवट थर होता. औषध सुरू झालं, मग बदललं, मग वाढवलं. ठकूचा नमुना अजून येतो आणि थर अजून हिरवाच असतो.

मित्रांनो, मला पुसूनपुसून चकचकीत ठेवा असं मी म्हणणार नाही. गंजू द्या मला. पण मोठेपणी तुमच्यापैकी कोणी असं दार उघडलं, तर ताटली उजेडात धरा, डोळ्यांजवळ न्या, नीट बघा. पोरगी कोणाची, तिला झालंय काय, ते तोंड उघडून विचारा. आणि डबे थंडच खा.

सरांनी जागा करायला सांगितली त्या सकाळी ठकूच्या ताटलीच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका उगवला होता.