चिकटवलेलं बटण

बिघडलेला टेपरेकॉर्डर सोपानच्या दुकानातून तसाच परत गेलाय, असं नारायणगावात कधी घडलं नव्हतं. निदान सोपान तरी तसं सांगायचा. निरगुडसरहून जीपच्या दाराला लोंबकळत येणारा हा माणूस स्टँडजवळच्या आपल्या टपरीवजा दुकानात शिरला, की तिथला राजा. गिऱ्हाइकाला काय हवं ते गिऱ्हाइकाने सांगायचं नाही, सोपानने ठरवायचं. म्हणूनच, लेक स्नेहा पुण्याला विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला लागली, तेव्हा तिची लेक्चरं कशावर टेप करायची, हे ठरवताना त्याने तिला एका शब्दाने विचारलं नाही.

स्नेहाला दिसत नव्हतं. दहावीत असताना काचबिंदूने तिची दृष्टी गेली. त्याआधी दोन वर्षं ती सांगत होती, की बाजूने येणारं माणूस मला दिसत नाही. आणि दोन वर्षं सोपान म्हणत होता, चष्म्याचा नंबर वाढला असेल, कामाचा रेटा कमी झाला की जाऊ. गेले तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवसापासून घरात तो विषय बंद झाला. केशरबाईने, त्याच्या बायकोने, एकदा काढला, तर हा भरल्या ताटावरून उठून गेला.

लेकीसाठी यंत्र निवडताना मात्र त्याने जीव ओतला. लेक्चर अडीच तासांचं. मोठ्या टेपरेकॉर्डरची कॅसेट मध्येच पालटावी लागणार, भरल्या वर्गात पोरीची धांदल होणार. शोधून शोधून त्याने मुंबईहून मुठीत मावेल असा रेकॉर्डर मागवला. बोलणं थांबलं की त्याची टेप आपोआप थांबायची, पुन्हा आवाज आला की चालू व्हायची. सर श्वास घेणार, फळ्यावर लिहिणार, तेवढी टेप वाचणार. सोपान खूश झाला. ही सोय चालू करून, पोरीचा हात लागून बटण सरकू नये म्हणून त्याने त्यावर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडला.

"तू फकस्त लाल बटन दाबायचं," तो म्हणाला. "बाकीचा इचार करायचा न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीला स्नेहा आली ती हॉस्टेलमधलं सगळं सामान घेऊनच. पहिल्या चाचणीत ती नापास झाली होती. "मी परत जायची नाय," एवढंच ती म्हणाली. का, ते सांगेना. केशरबाई रडली. सोपानने ठरवलं, यंत्र बिघडलंय. त्याला दुसरं काय सुचणार? यंत्र घेऊन तो दुकानात गेला, खोलून पाहिलं. कुठेही दोष नव्हता.

मग त्याने पहिल्यांदाच एक लेक्चर लावून ऐकलं. सरांचा आवाज स्वच्छ होता. "हे सन लिहून घ्या," सर म्हणाले, आणि लगोलग, "आता पुढचा मुद्दा." सोपानने टेप मागे घेतली. पुन्हा तेच. थोड्या वेळाने सर म्हणाले, "फळ्यावरची नावं पाहा," आणि लगेच, "आलं लक्षात?" काय लक्षात यायचं? मधलं काहीच नव्हतं. इतकी वर्षं टेपा दुरुस्त केल्या, पण नसलेलं ऐकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

घरी येऊन जेवायला बसल्यावर त्याने विचारलं, "मदी काय असतंय गं?"

"सर फळ्यावर लिहितात," स्नेहा म्हणाली. "शेजारी अक्षदा बसती, माजी मैत्रीण. फळ्यावरचं सगळं ती मला हळूच वाचून दाखवती. तिचं कुजबुजणं ह्याला आवाजच वाटत नाय. कदी अर्धा आकडा येतो, कदी त्यो बी नाय."

"मग बटन सरकवून..." सोपान बोलता बोलता थांबला.

"चिकटवलंय ना, आप्पा."

"सांगायचं व्हतं."

"मागं एकदा दोन वर्सं सांगून बगितलं व्हतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सोपानला बरं वाटलं असतं. चुलीपुढे केशरबाईचा हात थांबला. या वेळी मात्र सोपान ताटावरून उठला नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्नेहाला दुकानात घेऊन गेला. काउंटरवर तीन यंत्रं मांडली आणि बाजूला झाला.

"तूच निवड."

तिने एकेक हाताने चाचपलं. "तुमी मागच्या भिंतीपाशी जावा. तितनं अक्षदावानी हळू बोला."

सोपान गेला. "हॅलो, हॅलो, चेक," तो पुटपुटला. सगळे मेकॅनिक तेच म्हणतात. पहिल्या यंत्रावर नुसते जीपचे हॉर्न आले. दुसऱ्यावर खरखर आली. तिसरा होता जुना, वजनदार टेपरेकॉर्डर, दर पाऊण तासाला कॅसेट पालटायला लावणारा. यालाच त्याने सगळ्यात आधी बाद केलं होतं.

या वेळी सोपान भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. स्नेहाने बटण दाबून ठेवलं होतं, टेप फिरत होती. तिने त्याला घाई केली नाही.

मग तिने टेप मागे नेऊन लावली. बाहेर जीपवाला "मंचर, मंचर" ओरडत होता. नंतर बराच वेळ काहीच नाही, फक्त एका माणसाचा श्वास. आणि मग, अगदी खालच्या आवाजात: "तुला तवाच डाक्टरकडं न्यायला पायजे व्हतं. म्या आयकलं न्हाई. माजं चुकलं, पोरी."

सोपान अजून भिंतीपाशीच होता. त्याने मान वळवली नाही.

"आलं का ऐकू?" त्याने विचारलं.

"आलं," स्नेहा म्हणाली. तिने कॅसेट काढली, ओढणीला पुसली आणि जपून पर्समध्ये ठेवली. "ह्योच नेते मी पुण्याला. कॅसेट माजी मी पालटीन."