वरच्या खोलीची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. आवाज माझा खणखणीत, पण आज जे सांगायचे आहे ते मान खाली घालूनच सांगावे लागेल.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका धनिकाने हा बंगला बांधला. उंच छत, रंगीत काचा, कोरीव जिना, सगळा थाटच न्यारा. तेव्हाच एका कारागिराने मला ओतले, घासून लखलखीत केले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर टांगले. शेजारी माझ्या बहिणी होत्या, प्रत्येक खोलीची एक. वर पलंगाजवळची दोरी ओढली की भिंतीच्या पोटातली तार खेचली जाई आणि खाली आम्ही वाजू लागत असू. माझ्या वाट्याला वरची मोठी खोली आली, म्हणून मी जरा तोऱ्यातच असे.

पुढे धनिकाचे दिवस फिरले आणि घर एका जोडप्याने घेतले, तेच आमचे आजी-आजोबा. "एवढ्या घरात दोनच माणसं म्हणजे परातीत दोन वाटाणे!" असे म्हणून आजीने रिकाम्या खोल्यांत पैसे घेऊन पाहुणे ठेवायला सुरुवात केली. मोठी खोली मात्र दोघांनी स्वतःला ठेवली. आजोबांचा एकच नियम होता: "घंटा वाजली की ज्याचे हात रिकामे, त्याने धावायचं." पाहुणे म्हणत, घंटा पुरती वाजायच्या आत इथे माणूस हजर! ते ऐकून मला मूठभर मांस चढे. आजीच्या शेवटच्या आजारात तिची ओढ इतकी हलकी झाली की मी जेमतेम किणकिणे. पण आजोबांना तेवढे पुरे होई.

आजी गेली. कारभार मुलाकडे आणि सूनबाईंकडे आला. सूनबाई वाईट नाहीत हो, दिवसभर राबतात. पण घर पाहुण्यांनी भरले, मोठ्या खोलीला मागणी आली आणि "बाबा, दोनच आठवडे हं," म्हणत मुलाने आजोबांची गादी स्वयंपाकघरामागच्या कोठीत टाकली. दोन आठवड्यांचे वर्ष झाले. कोठीला ना खिडकी, ना घंटेची दोरी.

एका सकाळी मी वाजले. वरच्या पाहुण्या बाईंना गरम पाणी हवे होते. सूनबाई नाश्त्याच्या गडबडीत अडकल्या होत्या. आजोबांचे हात रिकामे होते. त्यांनी किटली उचलली आणि गुडघा धरत जिना चढू लागले, स्वतःच्याच खोलीत परक्याला पाणी द्यायला. त्यांना मीच बोलावले होते, मित्रांनो. वाजणे हे माझे काम, तरी माझी तार तुटली असती तर बरे झाले असते, असे वाटले.

थोड्या वेळाने बाई खाली आल्या. "तुमचा तो म्हातारा गडी फारच हळू चालतो हो. पाणी कोमट झालं."

सूनबाईंचा चेहरा पडला. सासऱ्यांना पाणी वाहायला लागते, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांनी थाप ठोकली, "छे छे, गडी कसले! आमचे जुने पाहुणे आहेत ते. हौसेने मदत करतात."

या घरात पाहुण्याला सगळ्यांत वरचा मान. तेव्हा आपण सासऱ्यांची लाज राखली, असेच त्यांना वाटले असावे. पण आजोबा परत येऊन कोठीत चमचे पुसत बसले होते. त्यांनी सारे ऐकले.

दुसऱ्या दिवशी ते दारावर टकटक करून स्वयंपाकघरात आले. "चहा मिळेल का?" म्हणाले. बाबांना म्हातारपणी थट्टा सुचते, म्हणून सूनबाई हसल्या. तिसऱ्या दिवशी आजोबा बॅग भरून उभे राहिले.

"बाबा, हे काय? कुठे निघालात?"

"एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई," आजोबा हसून म्हणाले. "मी तर वर्षभर राहिलो, सूनबाई."

सूनबाईंच्या हातातले उलथणे गळून पडले. "चुकलं माझं, बाबा," म्हणत त्यांनी बॅग हिसकावून घेतली. तशाच त्या नाश्त्याच्या टेबलापाशी गेल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे माझे सासरे. हे घर यांचं आहे. परवा मी खोटं बोलले." पाहुण्या बाईही खजील झाल्या. संध्याकाळपर्यंत मोठी खोली रिकामी झाली.

इथेच सारे संपले असते तर मी आनंदाने वाजले असते. आजोबा पुन्हा त्यांच्या खोलीत राहतात, पण दोरी ओढत नाहीत. तहान लागली तरी गुडघा धरत जिना उतरून येतात. "कशाला कोणाला त्रास?" म्हणतात. फळीवरून मी ते बघते आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना, घंटांना घासले की पुन्हा चकाकी येते. माणसाच्या मनाचे तसे नाही. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जपा. त्याला त्याच्याच घरात कधी पाहुणा करू नका. आमच्याकडे आजोबा हल्ली रिकामा कप परत देताना "आभारी आहे" म्हणतात, आणि सूनबाई पाठ फिरवून तो कप कितीतरी वेळ धूत राहतात.