उलट पिळाचा रेणू

प्रयोगशाळेत सगळे त्यांना सुईकाका म्हणत. अणू चाचपून त्यांचं चित्र काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या सुईचं टोक एका अणूइतकं बारीक करायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. चष्म्याचा नंबर वाढला, पण हात कधी हलला नाही. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते, आणि नेमकं त्याच आठवड्यात संशोधक बाईंनी नोंदवहीत एकोणीस वेळा ‘सुई खराब’ असं लिहिलं होतं.

बाईंचा रेणू अंगठीसारखा वाटोळा. पण ओढणीला पीळ देऊन टोकं जोडावीत, तसा त्यातल्या इलेक्ट्रॉनांना पीळ होता. एका फेरीत मूळ जागी येणं नाहीच, चार फेऱ्या माराव्या लागतात, असं बाई कौतुकानं सांगत. पीळ उजवाच असणार, असं त्यांनी धरलं होतं. पडद्यावर पीळ उजवीकडे दिसला की बाई खूश. डावीकडे दिसला की, “काका, सुई बिघडली.” मग काका निमूटपणे सोन्याच्या पत्र्यात सुई हलकेच टोचून टोक नीट करत. आतून मात्र ते फार खट्टू झाले होते. इतक्या वर्षांचं नाव असं जाता जाता धुळीला मिळावं, हे त्यांना झोंबत होतं. घरी बायको म्हणाली, “जेवताना तरी ती सुई डोक्यातून काढा.”

गुरुवारी विसाव्यांदा चित्र उलटं आलं.

“काका, सुई जरा...”

“आज मी सुईला हात लावणार नाही,” काका म्हणाले. आपला आवाज इतका चढू शकतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. “याच सुईनं शेजारचा रेणू बघा. सुई वाईट असेल तर तोही उलटाच दिसेल.”

बाईंना पटलं नव्हतं, पण वडीलधाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? शेजारचा रेणू सावकाश पडद्यावर उमटला. पीळ उजवीकडे, लख्ख. मग सुई पुन्हा पहिल्या रेणूवर नेली. पीळ डावीकडे, आणि तोही तेवढाच लख्ख.

बाई खुर्चीत टेकल्या. “दोन्ही खरे आहेत. दोन्ही प्रकारचे असतात. आणि अर्धे मी बाद करत होते.”

“माझ्या नावावर,” काका म्हणाले.

बाई चांगल्याच ओशाळल्या. वही ओढून त्या एकेक ओळ खोडायला लागल्या, तर काकांनी वहीवर हात ठेवला.

“खोडू नका. वेळ लिहिलेली आहे, ती चित्रं शोधायला बरं पडेल.”

त्या दिवशी काका तासभर लवकर घरी गेले. चपला काढता काढताच बायकोला म्हणाले, “सुई चांगली होती.”

“मला विचारलं असतंत,” ती म्हणाली, “तर सोमवारीच सांगितलं असतं.”