वाचकांचा चार्ट

सिरसाळ्यातलं आमचं वाचनालय चालू ठेवायचं की खोली कोचिंग क्लासला द्यायची, हे समिती गुरुवारी ठरवणार होती. अध्यक्ष रविराज म्हणाले, "गुरुजी, रजिस्टर कोण बघतंय? अहवालात चार्ट टाका."

मला एवढंच सांगायचं होतं की दुपारी बायका येऊ लागल्यात, आणि दर महिन्याला वाढतायत. तोंडाने सांगणं मला जमत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात यास्मिनने आकडे एक्सेलमध्ये भरले, चार्ट काढला आणि वर्डमधल्या अहवालात चिकटवला. मोजताना आपलंच चुकलं असेल, अशी मला धास्ती. नंतर आकडा बदलला तर, असं मी विचारलं.

"लिंक ठेवते, सर. एक्सेलमधी बदललं की इथं आपोआप बदलंल."

मला बरं वाटलं.

त्या दुकानात नवी फाइल कुणी उघडत नाही. जुनीतच नावं आणि आकडे बदलून सेव्ह करतात. बुधवारी मेंढपाळ सटवा लसीकरणाचा तक्ता करून घेऊन गेला. गुरुवारी माझा अहवाल छापताना वर्डने विचारलं, लिंक अपडेट करायची का. गर्दी होती. यास्मिनने 'हो' दाबलं. मी पानं न बघताच पिशवीत घातली.

बैठकीत रविराजांनी पान उलटलं. वर लिहिलं होतं 'वाचकसंख्या'. खाली उभ्या पट्ट्या: मेंढ्या, शेळ्या, करडं.

"गुरुजी, करडं बी वाचायला लागली का?"

"बोकडाला मेंबर केलं का न्हाई?" सचिव जीवन म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो.

"बरं, खरे आकडे सांगा की," रविराज म्हणाले, आणि खरंच थांबले. आकडे मला पाठ होते. मी चहाच्या बशीकडे बघत राहिलो. मग जीवनने ठराव वाचला. खोली महिनाअखेर रिकामी करायची.

मी परत दुकानात गेलो.

"सर, माझंच चुकलं," यास्मिन म्हणाली. "रजिस्टर आणलंय?"

"नको. लिही."

महिन्यामागून महिना मी सांगत गेलो. कुठे अडखळलो नाही. या वेळी तिने चार्ट चित्र म्हणून चिकटवला.

"घ्या. आता समितीला द्या."

"ठराव झाला."

"मग कावून करायला लावलं?"

छापलेलं पान अजून कोमट होतं. वाचनालय उघडायची वेळ झाली होती, बायका पायरीवर येऊन बसल्या असतील, म्हणून मी निघालो.