एका गुंड्याची दोन टोकं

ताईच्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली आणि डॉक्टरांनी क्रोशाची सुई जास्त वेळ हातात धरायची नाही असं बजावलं. नेमका त्याच आठवड्यात तिच्या लेकीने शालीसाठी दोरा घरी आणला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला निघाली होती. तिथल्या ऑफिसात म्हणे एसीचा गारठा हाडापर्यंत जातो, म्हणून तिला आईच्या हातची सुती शाल हवी होती. दोराही तिनेच पसंत केलेला. एकाच मोठ्या गुंड्यात तो पांढऱ्यापासून गडद निळ्यापर्यंत हळूहळू रंगत गेला होता.

ताईने गुंडा हातात घेऊन नाक मुरडलं. "यात विणणारीने करायचं काय? रंग दोराच बदलणार, आपण नुसतं मम म्हणायचं."

"अगं आई, तोच तर फायदा," लेक म्हणाली. "रंग बदलताना दोरा तोडायला नको, टोकं लपवत बसायला नको."

"आणि तोटे दुकानदाराने सांगितले का? हे बघ, चार बारीक पदर नुसते शेजारी शेजारी ठेवलेत, पीळ नावाला नाही. सुई भलत्याच पदरात घुसणार. एकेक पदर बदलत रंग फिरवलाय, म्हणजे मधेमधे गाठी आल्याच. दोरा कमी पडला तर हाच रंग पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. आणि चुकलं म्हणून उसवायला जावं, तर चारही पदर एकमेकांच्या गळ्यात पडणार. हा दोरा एकदा विणला की विणला."

ताईची धाकटी बहीण तिथेच खुर्चीत बसली होती. ती दवाखान्यात सकाळपाळीची नर्स होती आणि दुपारी अंगठ्याला मलम चोळून द्यायला यायची. बाकीचे तोटे तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडले. शेवटचा मात्र तिला तोटा वाटलाच नाही.

त्याचं असं होतं. धाकटीलाही क्रोशा येत होता, पण तिचा हात सैल. ताईचा हात इतका घट्ट की तिने विणलेला टेबलक्लॉथ टेबलाशिवायही उभा राहील. घरात वाहवा व्हायची ती ताईची, आणि ताईला दुसऱ्याच्या विणीतला खांब, म्हणजे उभा टाका, सैल दिसला की चैन पडत नसे. शाळेच्या प्रदर्शनात धाकटीचा रुमाल लागला होता, तो आदल्या दिवशी ताईने उसवून नव्याने विणलेला होता. पुढे ताईला ही लेक झाली तेव्हा धाकटीने मोठ्या हौसेने बाळासाठी टोपी विणली. आठ दिवसांनी ती बाळाच्या डोक्यावर पाहिली तर दोरा तोच, नक्षी तीच, खांब मात्र ताईचे. आपलं अक्षर माणसाला ओळखू येतं, तसे खांबही येतात. त्यानंतर धाकटीने ताईच्या घरासाठी कधी काही विणलं नाही.

ताईच्या अंगठ्यामुळे शाल अर्ध्यावर अडकणार हे तर दिसतच होतं. तोडगा लेकीने काढला. या गुंड्याला एक टोक बाहेर असतं आणि एक पोटात. "बाहेरच्या टोकाने आई निळ्यापासून विणेल, आतल्या टोकाने मावशी पांढऱ्यापासून. मधे दोघींना एकच रंग भेटेल, तिथे जोडून टाका. झाली शाल!"

ताईचं तोंड कडू झालं. पण अंगठ्यापुढे तिचा इलाज चालेना. धाकटीनेही आढेवेढे घेतले, आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतःची सुई पर्समध्ये घालूनच आली.

रोज दुपारी दोघी समोरासमोर बसत. मधल्या स्टुलावर गुंडा. एकीने ओढलं की दुसरीच्या बाजूने तो डोलायचा, त्यामुळे उठायचं झालं तरी सांगून उठावं लागे.

"पाणी पिऊन येते."

"ये, पण दोरा तुडवू नकोस."

ताई थोडं विणून थांबायची, अंगठा चोळायची, आणि मग तिची नजर धाकटीच्या हातावर खिळायची. धाकटीला ती नजर पाठ होती. सुई त्याच नंबरची, खांब मोजून तेवढेच, तरी पांढरी बाजू हळूहळू रुंद होत चालली होती. ताईला ते दिसत होतं आणि ती चकार शब्द काढत नव्हती. ताई बोलली असती तर परवडलं असतं. धाकटीला एवढंच हवं होतं की या घरात तिच्या हातचं एक काम जसंच्या तसं राहावं. आणि ते मागून घेण्याची लाज वाटत होती, म्हणून तीही गप्प होती.

लेक निघायला चार दिवस असताना गुंडा संपला. दोन तुकड्यांच्या मधे वीतभर दोरा तेवढा उरला, फिकट निळा. पलंगावर दोन्ही तुकडे पसरले. रंग बेमालूम जुळला होता. रुंदी जुळली नव्हती. धाकटीची बाजू चांगली चार बोटं जास्त भरली.

ताईने तो फरक बोटांनी मोजला. "उद्या बघू," म्हणाली.

या 'उद्या बघू'चा अर्थ धाकटीला लहानपणापासून माहीत होता. हा दोरा उसवता येत नाही, असं ती घरी जाताना स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा ताई खिडकीशी बसली होती आणि तिच्या मांडीवर उसवलेल्या दोऱ्याचा हा एवढा ढीग होता. धाकटीने पर्स दाणकन टेबलावर टाकली. दवाखान्यात पेशंटच्या शिव्या हसून ऐकणारी ती बाई घरभर ऐकू जाईल अशी ओरडली.

"उसवलंस ना? सवय जात नाही तुझी! रुमाल उसवलास, टोपी उसवलीस. मला कळलं नव्हतं असं वाटतं का तुला? अगं, नको होतं माझं विणलेलं, तर तोंडावर सांगायचं होतंस!"

ताई मान वर न करता म्हणाली, "आधी रंग बघ."

मांडीवरचा दोरा निळा होता, तळाशी फिकट आणि वर गडद. पांढरा तुकडा शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर पसरलेला होता, आणि त्यातला एक खांबही कुणी हलवला नव्हता.

"काल तू गेल्यावर पोरीने दोन्ही तुकडे अंगावर घेऊन पाहिले," ताई म्हणाली. "तुझा खांद्यावरून खाली पडतो. माझा फळीसारखा उभा राहतो. सुती दोरा असा आवळून विणला की त्याचं पायपुसणं होतं. पोरगी काही बोलली नाही, पण मला डोळे आहेत."

धाकटी समोरच्या खुर्चीत बसली.

"त्या टोपीचंही सांगते," ताई दोऱ्याचे पदर सोडवता सोडवता म्हणाली. "मी विणलेली हिला घट्ट व्हायची. कपाळावर लाल वळ उठायचा. दोनदाच घातली आणि ठेवून दिली. तुझीच बरी होती."

"हे मला तेव्हा सांगायचं होतंस."

"हो."

एवढंच. माफी मागणं ताईला जमणारं नव्हतं आणि धाकटीलाही एका 'हो'वर इतक्या वर्षांचं विसरणं जमणार नव्हतं. तरी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं आणि पांढरा तुकडा मांडीवर ओढला. त्याचा दोरा सरळ ताईच्या ढिगात जात होता. ताईने सोडवायचं आणि धाकटीने तोच दोरा पुढे विणायचा, याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

धाकटीचा सैल हात झरझर चालू लागला. फिकट निळा संपून मधला निळा आला आणि दोरा ताणला गेला.

"थांब जरा, गाठीत अडकलंय," ताई म्हणाली.

"मी नाही थांबणार," धाकटी म्हणाली. "तू भरभर सोडव."

ताईने चष्मा नाकावर वर सरकवला आणि मुकाट्याने भरभर सोडवायला लागली.