उन्हाची झडप

"माझ्या निष्काळजीपणामुळे तुम्हा सगळ्यांना फार त्रास झाला. मला क्षमा करा."

असं म्हणून वहिनी कादोवाकींच्या दारात इतकी वाकली, की तिचा पांढरा अंबाडा त्यांच्या चपलांच्या फळीला टेकायचाच बाकी राहिला. शेजारी मीही वाकले. एकीने वाकायचं आणि दुसरीने खुंटासारखं उभं राहायचं, असं आमच्याकडे चालत नाही. वहिनीने मिठाईचा खोका दोन्ही हातांनी पुढे केला. लाल घेवड्याचं पुरण भरलेली मिठाई, तीही खाली शहरातल्या चांगल्या दुकानातली. कादोवाकी आमच्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष. "छे छे, एवढं कशाला," असं ते दोनदा म्हणाले आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्यांच्या बायकोने खोका आत नेला.

रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, "वहिनी, तू कसला निष्काळजीपणा केलास? गाडीतली उन्हाची झडप पडली ना?"

"वन्सं, खांब माझ्या गाडीने वाकला. मग काय, झडपेने जायचं होतं का मिठाई घेऊन?"

ते बरोबरच होतं. चूक कुणाचीही असो, आधी वाकायचं, आणि खरं काय ते मागाहून, अशी आमच्या तोत्तोरीच्या डोंगरातली रीत. मागाहून कुणी विचारतच नाही, हे मात्र आम्हा दोघींना म्हातारपणी कळायचं होतं.

मित्सुए ही माझ्या थोरल्या भावाची बायको. सत्त्याहत्तर वर्षांची, चणीने एवढीशी. मी नवऱ्याशी न पटल्यामुळे तरुणपणीच माहेरी परत आले, तेव्हापासून आम्ही एका छपराखाली आहोत. सुरुवातीला भांडलो, मग भांडायचा कंटाळा आला. वहिनी गाडी चालवते, मी शेजारी बसून बोलते. दर मंगळवारी ती वस्तीतल्या म्हाताऱ्यांना बाजाराला नेऊन आणायची. खांब वाकला त्या मंगळवारी कुणाच्या तरी घरी वर्षश्राद्ध होतं, म्हणून नेमक्या आम्ही दोघीच होतो.

गाडी बाजाराच्या उघड्या आवारात दुपारभर तापलेली. परतताना नदीकाठच्या रस्त्यावर ऊन समोरून येत होतं, म्हणून वहिनीने काचेवरची उन्हाची झडप खाली घेतली होती. देवदारांच्या सावलीत वळल्यावर तिने ती वर सारली. माझी कांद्यांची पिशवी तेवढ्यात लवंडली आणि मी खाली वाकून कांदे गोळा करायला लागले. खाडकन आवाज आला, वहिनीने करकचून ब्रेक दाबला, आणि मी डोकं वर काढलं तर गाडी बसथांब्याच्या खांबाला जाऊन टेकलेली. झडप वहिनीच्या तोंडासमोर लोंबत होती. उंच माणसाला तिच्याखालून रस्ता तरी दिसला असता. आमच्या वहिनीला नुसता राखाडी पुठ्ठाच दिसला. थांब्यावर कुणी नव्हतं हे नशीब. असणार तरी कोण? बस आठवड्यातून दोनदा येते.

नंतर सगळे इतक्या गोडीने वागले, की मला त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. चौकीचा पोलीस आला, त्याने रंगीत पत्रक दिलं. त्यात एक आजी हसत हसत आपला गाडीचा परवाना पोलिसाच्या हातात देत होती. परवाना परत केला की बसचं भाडं अर्धं आणि गरम झऱ्याच्या स्नानगृहात सूट. मी त्याला विचारलं, बाबा, त्या स्नानगृहापर्यंत जायचं कसं? तो बिचारा लाजून हसला. वहिनी हसली नाही.

गाडी विकणाऱ्या दुकानातला माणूस घरी आला. सकाळची वेळ, गाडी शेडच्या गारव्यात. त्याने झडप वीस वेळा वर-खाली केली. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं कार्टं असतं ना, तशी ती वागली. कंपनीकडे अशी कुणाची तक्रार आलेली नाही, असं तो अदबीने म्हणाला. मग आवाज आणखी मऊ करून म्हणाला, की वय झालं की हाताचा अंदाज चुकतो, हात लागून खाली आली असेल. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत लोंबत होती. तो मलाही वाकला. त्याच्या लेखी आम्ही दोघी मिळून दीडशे वर्षांच्या होतो.

ओसाकाहून योशिनोरीचा, म्हणजे वहिनीच्या मुलाचा, फोन रोज यायला लागला. आई, एखादं पोर असतं तिथे तर? एवढं एकच वाक्य तो फिरवून फिरवून म्हणायचा. त्याचं चुकत होतं असं नाही. पण झडपेबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही. वहिनीने सांगितलं की तो म्हणायचा, "ते असू दे गं."

एक दिवस भाजी चिरता चिरता वहिनीचा हात थांबला.

"वन्सं, खरं सांगा. पडली ना ती? मीच तर नाही ना ओढली?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्यावर नाही, बाकी सगळ्यांवर. या बाईला मी कधी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेताना पाहिलं नव्हतं. माझा भाऊ झाड अंगावर पडून जखमी झाला, तेव्हा वस्तीतली एकुलती एक गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. तो ओसरीवर वाट बघत संपला. वर्ष सरलं आणि वहिनी गाडी शिकायला जाते म्हणाली. माझी आई म्हणाली, विधवेला कसली मिरवायची हौस. वहिनीने उलट उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालत गाडी शिकवणाऱ्या शाळेला गेली. परीक्षेत नापास होत गेली आणि पुन्हा जात राहिली. परवाना मिळाला तेव्हा तिने तो आधी भावाच्या फोटोपुढे ठेवला आणि मग आईपुढे. पुढे त्याच आईला छातीत दुखायला लागल्यावर दवाखान्यात कुणी नेलं? पंचाहत्तरीनंतर परवाना टिकवायचा तर चित्रं दाखवून ती आठवायला लावतात, त्या परीक्षेतही ती पास झाली होती. आणि आता ती सुरी हातात धरून मला विचारत होती, की मीच ओढली का?

"पडली," मी म्हटलं. "आणि पुन्हा असं विचारलंस तर मी दुसरीकडे राहायला जाईन."

"कुठे जाल? गाडी कोण चालवेल?" ती म्हणाली. पण चेहरा पडलेलाच होता.

मग आलुबुखार वाळवायचे दिवस आले. रात्री टोपल्या आत घ्यायला शेड मोकळी हवी, म्हणून वहिनीने गाडी अंगणात काढून ठेवली. चार दिवस रणरणतं ऊन होतं. टोपल्या उचलल्यावर ती गाडी आत घ्यायला गेली, आणि जराशाने स्वयंपाकघरात येऊन हात धुवायला लागली.

"पडली," ती म्हणाली. "दोनदा. वर केली, गाडी जरा हलली, की पुन्हा पडली. उन्हात तापली की धरत नाही ती." त्या रात्री तिने दोन वाट्या भात खाल्ला.

आता सगळ्यांना बोलावून दाखवायचं, असं मी म्हटलं. पण तोवर कादोवाकींनी भलताच घाट घातला होता. उन्हाळ्यात पाटाकडेचं गवत सगळ्यांनी मिळून कापायचं आणि मग सभागृहात बसून गार सातूचा चहा प्यायचा, ही आमची जुनी पद्धत. त्या दिवशी सकाळी मी चहाची पिंपं न्यायला गेले, तर सभागृहाच्या मोरीत बादलीत फुलांचा गुच्छ. कुणासाठी, असं विचारल्यावर कादोवाकींची बायको खाली बघून म्हणाली, की मित्सुएताई आज गाडीचा निरोप घेणार आहेत ना. शाळा संपवणाऱ्या पोरांना देतात, तसा तो गुच्छ होता. योशिनोरीशी बोलणं झालंय म्हणे, फक्त वहिनीला विचारायचं राहिलं होतं.

मी धावत जाऊन वहिनीला सांगितलं. ती गवत कापत होती. ऐकून घेतलं, विळा पुसला आणि घरी गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती गाडी घेऊन आली. बाकीच्यांच्या गाड्या चेरीच्या सावलीत होत्या. हिने आपली सभागृहापुढच्या खडीवर, भर उन्हात लावली आणि काचा बंद केल्या.

गवत संपेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, मग सगळे आत बसले. कादोवाकी उभे राहिले. इतकी वर्षं आपल्याला बाजाराला नेणाऱ्या मित्सुएबाईंचे उपकार आपण विसरणार नाही, असं बरंच गोड बोलले. बसथांब्याचा प्रसंगही आला. "त्यांनी स्वतः माझ्या दारात येऊन निष्काळजीपणा कबूल केला. असा मोठेपणा आजकाल दिसत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची बायको गुच्छ घेऊन पुढे आली, पाणी ठिबकत होतं.

वहिनी उठली. गुच्छ तिने घेतला नाही.

"ती माफी मी परत घेते," ती म्हणाली.

मुलीने सासर सोडलेलं आमच्या वस्तीने पाहिलंय, मी स्वतःच दाखवलंय. मागितलेली माफी परत घेतलेली कुणी पाहिली नव्हती.

"मिठाई खाल्लीत, ती तुमची. खांबाचा खर्च मी देईन, गाडी माझी होती. पण निष्काळजीपणा माझा नव्हता. झडप पडली आणि मला दिसेना झालं. अध्यक्षसाहेब, माझी गाडी बाहेर उभी आहे. तुम्ही जरा फाटकापर्यंत चालवून बघा."

कादोवाकींना नाही म्हणता येईना. सगळे पाठोपाठ बाहेर आले. ते घाम पुसत गाडीत बसले, सीट मागे सरकवली, दार लावलं. झडप जागच्या जागी. त्यांनी गाडी सुरू केली. झडप तशीच. कुणीतरी मागे खोकलं. वहिनी दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती. गाडी खडीवरून हळूहळू निघाली, फाटकाच्या अलीकडे चाक खड्ड्यात गेलं, आणि झडप खाडकन कादोवाकींच्या चष्म्यावर आदळली. गाडी आचका देऊन थांबली.

"माफ करा, माफ करा," कादोवाकी आतून म्हणाले आणि स्टिअरिंगवर दोनदा वाकलेसुद्धा.

वहिनी खिडकीपाशी गेली. "कुणाची माफी मागता?" तिने शांतपणे विचारलं. "तुमचा काही निष्काळजीपणा झाला का?"

कादोवाकींनी चष्मा सारखा केला, झडप वर केली. ती पुन्हा खाली आली. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पण माणसं काही झडपेइतकी सरळ नसतात. जरा वेळाने घोळक्यातून एक आवाज आला, झडपेचं ठीक आहे हो, पण तरीसुद्धा, या वयात. माना डोलल्या. त्यांना पळवाट मिळाली होती.

"या वयात मी थांबणार आहेच," वहिनी त्या आवाजाकडे वळून म्हणाली. "डोळे गेले, पाय अडला, की कुणाला सांगायला लागणार नाही. परवाना मी स्वतः चौकीत नेऊन देईन. पण तो दिवस मी ठरवीन. दुसऱ्याची चूक अंगाला लावून घेऊन मी थांबणार नाही."

मग तिने कादोवाकींसाठी गाडीचं दार उघडून धरलं. ते उतरले, तेव्हा ती रीतसर वाकली. तेही वाकले.

दुकानवाल्याने झडप बदलून दिली, एक अक्षर न बोलता. योशिनोरीने फोनवर म्हटलं, की आई, मी आधी विचारायला हवं होतं. वहिनी म्हणाली, हो, हवं होतं. तिने त्याला बरं वाटावं म्हणूनही दुसरं काही म्हटलं नाही.

मंगळवार आला. निघायच्या वेळी पहिल्या दारात गाडी थांबवून वहिनीने हॉर्न दिला. पडद्याआड कुणीतरी हललं, बाहेर कुणी आलं नाही. दुसऱ्या दारातही तेच. माफी परत घेणाऱ्या बाईच्या गाडीत बसायचं म्हणजे सगळ्या वस्तीसमोर तिची बाजू घ्यायची. त्यापेक्षा घरातल्या वाळवलेल्या मुळ्याची भाजी खाल्लेली बरी. मला इतका राग आला, की मी काच खाली केली आणि ओरडणारच होते.

"वन्सं, काच वर घ्या," वहिनी म्हणाली.

"अगं, कशाला थांबतेस यांच्यासाठी? चल सरळ."

"मी जाते हे त्यांना कळायला हवं. यायचं की नाही ते त्यांचं ते बघतील."

शेवटचं घर सुएनो आजींचं. नव्वदीच्या आहेत, बूट घालायला त्यांना फार वेळ लागतो. वहिनीने हॉर्न दिला, उतरून मागचं दार उघडलं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. घराचं दार बंद होतं. आम्ही दोघी समोर बघत बसलो. सुएनो आजींना बूट घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा पुरता जाऊ दिल्यावर वहिनी खाली उतरली, मागचं दार हलकेच लावलं आणि गाडी काढली.